लाल वर्तुळात उभे राहावे

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीत बंद पडली, पण त्यात माझी चूक नव्हती. पेन संपलं होतं.

जावईबापू आले होते. स्वतः बसून माझ्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला. 'नऊ राज्यं' असं नाव. ठिकठिकाणची माणसं एकाच वेळी खेळतात. जादूगार, राक्षस, ड्रॅगन वगैरे. म्हणाले, बाबा, तिथे रोज ढीगभर नवी माणसं येतात, त्यांना काही कळत नसतं आणि सांगणारं कोणी नसतं. मी म्हटलं, मला वेळ कुठे आहे. पण एवढ्या मोठ्या जगाला सल्लागार हवा म्हटल्यावर त्यांना मीच आठवलो, याचं बरं वाटलं. माणसाची पारख आहे त्यांना.

लेक नव्या घरात राहायला गेल्यापासून मी तिला रोज फोन करून पडदे, गॅसची नळी, शेजारी अशा विषयांवर मार्गदर्शन करतो. जावई म्हणाले, फोन आता जरा कमी झाले तरी चालतील, गेमला वेळ द्या. किती समजूतदार.

संकल्प: गेम रोज एकच तास. महिनाअखेर नवख्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका लिहून तयार. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, तो याच आठवड्यात.

५ फेब्रुवारी, सोमवार

नाव ठेवण्यात तास गेला. 'सेनापती' कुणीतरी आधीच घेतलेलं. 'महासेनापती'ही गेलेलं. शेवटी 'खरासेनापती' मिळालं. म्हणजे बाकीचे कसले, ते आपोआप कळतंच.

मग भूमिका निवडायची. तलवारवाला, जादूगार, वैद्य, ढालवाला. ढालवाला सगळ्यांच्या पुढे उभा असतो. पुढे उभं राहणं हा माझा पिंडच आहे, म्हणून ढालवाला. खाली बारीक अक्षरात 'अनुभवी खेळाडूंसाठी' असं लिहिलं होतं. अख्खी नोकरी डिस्पॅच खात्यात काढली, आणखी अनुभव तो कसला असतो?

तास संपला. खेळायला उद्यापासून.

६ फेब्रुवारी, मंगळवार

गावाच्या वेशीवर एक म्हातारा भेटला. त्याची बरीच विचारपूस केली. कुठले, घरी कोण असतं, गुडघे कसे आहेत. तो दर वेळी एकच पालुपद लावायचा, विहिरीपाशी उंदीर झालेत, दहा मार. स्वभावाने हट्टी. नंतर कळलं की तो माणूस नाही, गेममधलंच चित्र आहे. मला शंका होतीच.

तरी शब्द पाळायचा म्हणून उंदीर मारायला गेलो. चार मारले. उरलेल्या सहांनी मला मारलं.

पुस्तिका, नियम १: म्हाताऱ्यांच्या नादी लागू नये.

ऑफिस: कुठल्या ट्रकमध्ये कुठला माल जायचा हे आता नवीन सॉफ्टवेअर ठरवतं. पूर्वी सकाळी माझ्या टेबलाभोवती ही गर्दी. आता येतात ते स्टेपलर मागायला. मला काही फरक पडत नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

जावईबापूंनी मला त्यांच्या टोळीत घेतलं. टोळी म्हणजे एकत्र लढणारी मंडळी. मी तूर्त तात्पुरता. पंचवीस तारखेला, रविवारी, सगळी टोळी मोठ्या ड्रॅगनवर चालून जाणार आहे. त्यात नीट काम केलं तर कायम.

प्रमुख एक मुलगी आहे, तिला सगळे मुकादम म्हणतात. एरवी ती दातांची डॉक्टर. हेडफोनमधून बोलते तेव्हाही 'थोडं दुखेल' असंच सांगितल्यासारखं वाटतं. तिला माझा अनुभव थोडक्यात सांगायला घेतला. ट्रकच्या ताडपत्रीपर्यंत आलो तेवढ्यात तिचा पेशंट आला. संध्याकाळी उशिरासुद्धा पेशंट बघते म्हणजे कष्टाळू पोर आहे.

१० फेब्रुवारी, शनिवार

मोठा शोध. लढाई चालू असताना जमिनीवर मधूनमधून लाल वर्तुळ उमटतं. इतर लोक गोंधळून इकडेतिकडे पळतात. आमच्या गोडाउनमध्ये जमिनीवर रंगाने चौकोन आखलेले आहेत. माल कुठे ठेवायचा ते त्यावरून कळतं, आणि चौकोनाबाहेर खोकं गेलेलं मी कधी खपवून घेतलं नाही. तेव्हा हे वर्तुळ म्हणजे ढालवाल्याची जागा, हे मी कुणी न सांगता ओळखलं. आता वर्तुळ दिसलं की धावत जाऊन बरोबर मधोमध उभा राहतो.

नेमकी तेव्हाच वरून आग पडते. योगायोग.

नियम २: लाल वर्तुळात उभे राहावे.

नळासाठी पाना लागणार. उद्या आणतो.

११ फेब्रुवारी, रविवार

मेलो. पुष्कळदा. वर्तुळाबद्दल शंका नाही, आगीचं काहीतरी करायला हवं. गेमच्या कंपनीला तक्रार लिहिली, सौम्य शब्दांत.

पाना राहिला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

टोळीत एक नवा दाखल. नाव बटाटा. भूमिका वैद्याची, म्हणजे लढताना दुसऱ्यांच्या जखमा भरायच्या. माझ्याहूनही कच्चा. आम्ही दोघंच एका गुहेत गेलो होतो. त्याने विचारलं, काका, यातून बाहेर पडायचं दार कुठे आहे?

मला कुणीतरी काहीतरी विचारलं याला किती दिवस झाले होते.

सगळं पहिल्यापासून समजावलं. गुहा म्हणजे काय, दार म्हणजे काय, घाई का करू नये. दार काही सापडलं नाही. शेवटी बटाटाच चुकून एका भिंतीला धडकला आणि तेच दार निघालं. नशीबवान आहे. दोन कोळी अंगावर आले तेव्हाही मी मेलो नाही. माझा हात बसत चाललाय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

बटाटा आज निराळाच. परवा वाक्यावाक्याला हसत होता, आज नुसतं 'हो काका', 'बरं काका'. आणि गुहेत शिरल्याबरोबर पुन्हा तेच, दार कुठे आहे. परवाच तर सांगितलं होतं. स्मरणशक्ती कच्ची आहे मुलाची. बजावलं, लिहून घेत जा. ऐकलेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं.

न रागावता पुन्हा सगळं सांगितलं. मी चांगला शिक्षक आहे, हे एवढी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

१७ फेब्रुवारी, शनिवार

तलवार, भाला आणि चिलखत विकून तीन मोठ्या पिशव्या घेतल्या. आधी जागा, मग माल, हा डिस्पॅचचा पहिला धडा. सध्या पिशव्या रिकाम्या आहेत. बटाट्याने एक तलवार दिली. रस्त्यात पडलेली मिळाली म्हणाला. चांगली झगमगती होती. या पिढीला वस्तूंची किंमत नाही.

आज फार अदबीने बोलत होता, मला 'आपण' म्हणत होता. मूडी आहे. दार आज तिसऱ्यांदा विचारलं.

नियम ५: आधी पिशव्या.

१८ फेब्रुवारी, रविवार

पुस्तिकेची पक्की प्रत हाताने लिहून काढली. हिला वाचायला दिली. ही शाळेत शिकवते, टेबलावर सराव परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. सवयीने पुस्तिकाही तपासली आणि शेवटी लाल शाईत शेरा मारला: अक्षर छान.

टाइप करून टोळीच्या फळ्यावर, म्हणजे गेममधल्या सूचनाफलकावर, लावली. मुकादम म्हणाली, सगळ्यांनी वाचायलाच हवी. तिने वर एक ओळ स्वतः जोडली, 'यातले काहीही करण्यापूर्वी विचारावे.' योग्यच आहे. विचारावं. मी आहेच.

पाना आणायला गेलो, दुकान बंद. नळाखाली मोठी बादली ठेवली.

२० फेब्रुवारी, मंगळवार

या गेममध्ये एक बटण दाबलं की आपला माणूस दुसऱ्याच्या मागोमाग आपोआप चालतो. आज बटाट्याबरोबर आणखी तीन नवखे होते. चौघांनाही बटण दाबायला लावलं आणि खिंडीतून पलीकडे न्यायला निघालो. नकाशा मी छापून घेतला होता. तो उलटा धरला गेला हे मागाहून लक्षात आलं.

बटाट्याने मध्येच लिहिलं, काका, पुढे दरी आहे. मी त्याला 'मोठी माणसं चालत असताना मध्ये बोलू नये' असं लिहीत होतो. ते लिहून होईपर्यंत आम्ही पाचही जण दरीत होतो.

नियम ७: दरी असल्यास वेळेवर कळवावे.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात स्टेपलर रिसेप्शनवर नेला. सोयीसाठी. दिवसभरात माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही. वर कुठेतरी मी फरक पडत नाही असं लिहिलंय. ते खोडत नाही, पण पडतो.

घरी येऊन चहासुद्धा न घेता गेम उघडला. वेशीपाशी बटाटा वाट बघत उभा. लिहिलं होतं, काका, आज काय शिकवणार? इतकं बरं वाटलं की ढाल कशी पुसावी हे शिकवत बसलो. ढाल पुसता येत नाही या गेममध्ये. तरी त्याने ऐकून घेतलं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

उद्या ड्रॅगन. योजनेचं टिपण मुकादमला पाठवलं, आकृत्यांसह. तिने माझ्यासाठी खास काम ठरवलंय: गुहेच्या दारापाशी उभं राहायचं आणि ती सांगेपर्यंत काहीही करायचं नाही. काहीही, हा शब्द तिने तीनदा उच्चारला. दार सांभाळायला विश्वासाचाच माणूस लागतो.

अखेर पाना आणला. चांगला जाडजूड.

२५ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

बादली भरून वाहतेय. ही म्हणाली, आज नळ झाला नाही तर ती नळवाल्याला बोलावणार. आमच्या घरात आजवर नळवाला आलेला नाही, येणारही नाही. ड्रॅगन दुपारपर्यंत आटपेल, मग लगेच नळ. पाना हाताशीच घेऊन बसलोय.

आज कायम होणार.

२५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी

झालं ते असं.

ड्रॅगन झोपलेला होता. पंचवीसजण दारात श्वास रोखून उभे. मी अगदी पुढे, आणि काहीही करत नव्हतो. मुकादम हळू आवाजात सांगत होती, कुणी हलू नका. तेवढ्यात आतून हिने हाक मारली, बादली उचलायला या. उठताना हातातला पाना खाली ठेवला. तो कीबोर्डवर ठेवला गेला, आणि नेमका पुढे चालायच्या बटणावर.

मी बादली ओतत होतो तेव्हा खरासेनापती एकटाच दारातून आत गेला, पायऱ्या उतरला आणि थेट ड्रॅगनच्या नाकावर जाऊन चालत राहिला. ड्रॅगन उठला. परत येऊन बघतो तर टोळीतला एकही जण उभा नव्हता.

मग टोळीच्या फळ्यावर कुणीतरी लिहिलं, "आज काकांची ड्यूटी कोणाची होती?"

दुसऱ्याने लिहिलं, माझी नाही, माझी गुरुवारची असते. तिसरी म्हणाली, शनिवारी मी केली, माझी तलवार पण गेली त्यात. मग जावईबापूंनी लिहिलं, माझीच होती, बटाटा मी चालवत होतो, कुरियरवाला आला म्हणून दार उघडायला गेलो. शेवटी कुणीतरी लिहिलं, अरे, हा फळा सगळ्यांना दिसतो.

मग जावईबापूंनी फोन करून सगळं कबूल केलं.

म्हणजे बटाटा असा कुणी नाहीच. सातजण वार लावून एकच बटाटा चालवतात. टोळीचा तसा रिवाजच आहे म्हणे. कुणी फारच कच्चा आला की त्याच्यामागे एक खोटा नवखा लावून द्यायचा. त्याने प्रश्न विचारायचे, मान डोलवायची, आणि गुपचूप त्या माणसाला जिवंत ठेवायचं.

पाना नळाला बसत नाही. मोठा आहे.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

वाईट वाटतंय. लिहून ठेवतो, म्हणजे राहील. हरल्याचं नाही वाटत. आज मंगळवार, हसरा बटाटा यायचा दिवस, याचं वाटतं.

गेम काढून टाकायचा ठरवला. काढायचं बटण सापडलं नाही. जावयांना विचारणार नाही.

हिला सगळं सांगितलं. म्हटलं, एवढे दिवस मला वाटत होतं कुणीतरी ऐकतंय. पेपरावरून मान वर न करता ही म्हणाली, "सातजण आळीपाळीने ऐकत होते, तरी दमले. मी इतकी वर्षं एकटी ऐकतेय, आणि मला बदलीवर कुणी मिळत नाही."

मी उठून चहा केला, दोघांचा. तिने पेपर बाजूला ठेवले आणि म्हणाली, सांगा, त्या ढालीचं काय असतं ते. तिला सांगितलं. मध्ये दोनदा जांभई आली तिला, पण उठली नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन, आपणहून. गॅसची नळी किती वर्षांनी बदलायची असते. मी विचारलं, आज तुझी ड्यूटी आहे का? ती हसली आणि म्हणाली, नाही बाबा, खरंच विचारतेय, वास येतोय थोडा. तेव्हा आधी सिलिंडरचं बटण बंद कर म्हटलं, खिडक्या उघड आणि गॅसवाल्याला बोलाव. एवढंच सांगितलं. इतकं थोडक्यात मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन. संध्याकाळी तिने कळवलं की नळीच खराब झाली होती.

१ मार्च, शुक्रवार

नळवाला आला. त्याचं काम चालू असताना मी बाजूला उभा राहून सूचना दिल्या. तो 'हो काका', 'बरं काका' म्हणत होता. सूर ओळखीचा वाटला. मी बाहेरच्या खोलीत येऊन बसलो.

३ मार्च, रविवार

मुकादमचा फोन. आधी माफी मागितली, मीही मागितली, मग ती मुद्द्यावर आली. टोळीत एक बाई नव्याने आल्यात. कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. नाव घेतलंय 'राजमाता'. भूमिका ढालवाल्याची. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, आणि लाल वर्तुळ दिसलं की त्या तिथेच थांबून इतरांना हाका मारतात. पुस्तिकाही लिहायला घेतली आहे म्हणे. मुकादम म्हणाली, आमची सगळ्यांची शक्ती संपली, मंगळवारचा बटाटा तुम्ही व्हाल का?

मी सावधपणे विचारलं, अनुभवी माणूस हवा म्हणूनच ना? ती म्हणाली,

"काका, तुम्हाला नाटक करावं लागणार नाही."

म्हणजे अभिनय नैसर्गिक असणार, असं तिचं मत दिसतं. मी होकार दिला. टोळीत आता मी कायम. म्हणजे बटाटा म्हणून कायम. खरासेनापतीला तूर्त गुहेपासून लांब ठेवायचं ठरलंय.

५ मार्च, मंगळवार

संकल्प: आज एकही सल्ला द्यायचा नाही.

बटाटा होऊन वेशीपाशी वाट बघत उभा राहिलो. राजमाता आल्या. आल्याआल्या म्हणाल्या, ताठ उभा राहा. राहिलो. मग मला त्या खिंडीत घेऊन गेल्या आणि मागोमाग चालायचं बटण दाबायला सांगितलं. पुढे दरी होती. मी वेळेवर कळवलं, नियम ७ माझाच आहे. त्या म्हणाल्या, बोलताना मध्ये बोलू नये. पडलो दोघंही.

मग गुहा. मुकादमने सांगून ठेवलं होतं, आत गेल्यावर दार विचारायचं, ठरलेला प्रश्न आहे तो. मी विचारलं, बाई, यातून बाहेर पडायचं दार कुठे आहे? त्यांचं उत्तर बराच वेळ चाललं. लिहिताना त्या किती खुशीत होत्या ते अक्षराअक्षरात दिसत होतं. गुहा म्हणजे काय, दार म्हणजे काय, मुलांचं लक्ष कुठे असतं.

आता मी चुकून त्या भिंतीला धडकायचं, म्हणजे दार निघणार. धडकलो. ती भिंत नव्हती. दुसरीला धडकलो, मग तिसरीला. दार नेमकं कुठे आहे, हे सातजणांपैकी प्रत्येकाने मला एकदा तरी दाखवलं असेल, आणि मी एकदाही बघितलं नव्हतं.

राजमाता म्हणाल्या, स्मरणशक्ती कच्ची आहे तुझी, लिहून घेत जा.

लिहून घेतलं.